कैद्यांना मटण, गावाला मिलो

धाराशिवकडच्या बेंबळीहून आत दोन कोसांवर आबारावाचं गाव. निजामाची राजवट संपली त्या भादव्यात तो जन्मला. त्यामुळं वय विचारलं की तो साल सांगत नाही; "मराठवाडा सुटला तवा म्या बी सुटलो," म्हणतो. आणि लगेच तोंड वाकडं करून पुढं जोडतो, "मराठवाडा निजामापासून सुटला. म्या कुणापासून सुटलो ते काय अजून कळलं न्हाय."

बाप धोंडीबाकडं सालदार होता. धोंडीबा म्हणजे गावचा थोरला बागायतदार. सगळं गाव त्याला मालक म्हणायचं, आणि तोही गाव आपल्याच मालकीचं असल्यासारखा चालायचा. छप्पन्न सालानंतर आबारावाच्या बापानं घरात बुद्धाची तसबीर लावली आणि मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. मालकाला ते फार झोंबलं. पण एवढा राबणारा गडी दुसरा मिळणार नव्हता, म्हणून त्यानं ते कडू काढ्यासारखं गिळलं. पुढं आबाराव सातवी पास झाला तेव्हा मालक बापाला म्हणाला, "शिकलं तेवढं लई झालं. आता त्याला माझ्या गुरामागं धाड."

आबारावानं चार-पाच वर्षं गुरं राखली. मग सोलापुरात लष्कराची भरती आहे असं कानावर आलं आणि तो उठून एस.टी.त बसायला निघाला. वेशीत धोंडीबा आडवा आला.

"कुठं रं?"

"भरतीला."

मालक पोट धरून हसला. "तुला कोण घेतंय? बंदूक कुठल्या तोंडानं धरत्यात ते तरी ठावं हाय का?"

आबारावाला घेतलं. वर्षभरानं तो वर्दी घालून सुट्टीवर आला, तेव्हा हाच धोंडीबा पारावर चार लोकांत सांगत होता, "मीच धाडलं त्याला. म्हणलं, जा, गावाचं नाव काढ." आबाराव ऐकत उभा राहिला. शूर होणं अवघड असतं, पण शूराचा गाववाला व्हायला काहीच लागत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि ते पुढं आयुष्यभर पुरलं.

त्याच सुट्टीत त्याचं लग्न झालं. भूमकडची बनाबाई. शाळेचं तोंड न पाहिलेली, पण जिभेला अशी धार की तिच्या सासूनं पहिल्याच आठवड्यात हात टेकले. आबाराव म्हणायचा, पलटणीत सुभेदाराला भ्यायचं, घरी हिला.

एकाहत्तर साली देश चोवीस वर्षांचा होता आणि आबाराव तेवीस. दोघांचंही रक्त गरम होतं, आणि दोघांच्याही घरात खायला फारसं नव्हतं. मार्गशीर्षात लढाई पेटली आणि आबारावाची पलटण पूर्व पाकिस्तानात शिरली.

ती तेरा दिवसांची लढाई त्याला विचारली तर तो शौर्याचं काही सांगत नाही. चिखलाचं सांगतो. मराठवाड्याच्या माणसाला पाणी म्हणजे देव. तिथं पाण्यानंच जीव नकोसा केला. पावला-पावलावर नदी, ओढा, तळं, भाताची खाचरं. बूट चिखलात अडकायचा आणि पाय तेवढा बाहेर यायचा. वरून साहेब म्हणायचे, पुढं चला. खालून चिखल म्हणायचा, इथंच राहा. वाटेत लागणारी गावं रिकामी होती. जळकी घरं, आडात कुणीतरी टाकलेली माणसं. एका गावात एक म्हातारी तेवढी उरली होती. पलटण दिसताच ती धावत आली आणि सैनिकांच्या छातीवर मुठी मारत रडायला लागली. तिची भाषा कुणाला येत नव्हती. साहेब म्हणाला, आनंदानं रडतेय. आबारावाला ते पटलं नाही. आनंदानं रडणारं माणूस असं मारत नाही. ती विचारत असणार, इतका उशीर का केलात?

त्याच्या संगतीला मुरुमचा कल्याणप्पा होता. लिंगायत घरचा, घरात कानडी बोलणारा, मराठी बोलताना अडखळणारा आणि जेवताना न अडखळणारा. दोघं एका ताटात जेवायचे. कल्याणप्पा सांगायचा, लढाई संपली की माझ्या घरी चल, माझी अव्वा शेंगाची होळगी, म्हणजे शेंगदाण्याची पोळी, करते. आबाराव विचारायचा, "तुझी अव्वा मला आत घेईल का?" कल्याणप्पा म्हणायचा, "पलटणीत कुठं विटाळ हाय?" आबाराव म्हणायचा, "पलटणीत न्हाय. तो गावच्या वेशीवर आपली वाट बघत बसलेला असतोय."

लढाई संपायला दोन दिवस राहिले असताना कल्याणप्पा गेला. रस्त्याच्या एका मोरीखाली दोघं पाण्याच्या बाटल्या भरत होते. समोरच्या बांबूच्या बनातून गोळी आली आणि त्याच्या पोटात बसली. स्ट्रेचरवाले चिखलात कुठंतरी मागं अडकले होते. दोन तास आबाराव त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. शेवटी शेवटी कल्याणप्पाची मराठी सुटली, हिंदी सुटली, आणि तो नुसता कानडीत बोलायला लागला. तेच तेच दोन शब्द, पुन्हा पुन्हा. आबारावाला कळेनात. पण त्यानं ते पाठ केले. दुसरं त्याच्या हातात काही नव्हतं.

दोन दिवसांनी शत्रूनं हत्यारं खाली ठेवली. रांगेनं बसलेले कैदी, गुंडाळलेल्या वळकट्या, कुणाच्या खिशात दाढीचं सामानसुद्धा. आकाशवाणीवर विजयाचं वर्णन चालू होतं, आणि आबाराव एका झाडाखाली बसून पायाच्या बोटांमधली कुजलेली कातडी सोलत होता. विजय त्याला एवढाच आठवतो.

इकडं गावातही लढाई चालू होती. ती बनाबाईनं पाहिली, आणि तिची हकीकत ती आजही इतकी रंगवून सांगते की तिकडची लढाई फिकी वाटावी. गावात ट्रान्झिस्टर एकट्या धोंडीबाकडं. तो कानाला लावून मालक पारावर बसायचा आणि सेनापती असल्यासारखा हुकूम सोडायचा. एके दिवशी दवंडी पिटवली: शत्रूची विमानं येणार, दिवेलागणीपासून गावात काळोख पाळायचा. आता गंमत अशी, की गावात वीज आलीच नव्हती. रॉकेलच्या चिमण्या, त्याही सगळ्या घरांत नाहीत. पण मालकाला लढाईत भाग घ्यायचा होता. मग त्यानं बुद्धवाड्यात माणूस धाडला: चुली विझवा, जाळ वरून दिसतो.

बनाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं त्या माणसाला वर मान करून विचारलं, "पाकिस्तानचं इमान माझ्या भाकरीसाठी एवढ्या लांबून येतंय व्हय? येऊ दे की. म्हणावं, पिठलं बी हाय."

"मालकाचा हुकूम हाय, बाई."

"माझा नवरा बंदूक घिऊन तिकडं उभा हाय. मालकाला म्हणावं, तुमी बी जावा, मंग म्या चूल इझवते."

चूल विझली नाही. विमानही आलं नाही. पण विमान आलं नाही ते आपल्याच बंदोबस्तामुळं, असं धोंडीबानं पुढं वर्षभर सांगितलं.

मग खंदक झाला. शाळेपुढं पुरुषभर खोल, वळण घेतलेला खंदक, बाँब पडला तर पोरांना लपायला. खणायला बुद्धवाड्यातली माणसं, देशासाठी म्हणून फुकट. आबारावाचा बापसुद्धा तीन दिवस खणत होता. पोरगा सरहद्दीवर, बाप खड्ड्यात. लढाई संपल्यावर त्या खंदकात मालकाच्या गोठ्यातलं शेण पडायला लागलं. उन्हाळ्यापर्यंत उत्तम खत तयार झालं आणि ते मालकाच्या मळ्यात गेलं. देशासाठी केलेल्या कामाचं चीज झालं ते असं.

लढाई तेरा दिवसांत मिटली तरी आबाराव घरी आला नाही. हजारोंनी पकडलेल्या कैद्यांना सांभाळायला माणसं लागत होती. त्याला उत्तरेकडच्या एका छावणीत पहाऱ्यावर नेमलं. तारेचं कुंपण, आत कैदी, बाहेर आबाराव. कैद्यांना कायद्यानं वागवायचं, जगात देशाची मान खाली जाता कामा नये, असं साहेबांनी बजावलं होतं. ते बरोबरच होतं. आबारावाचं त्याबद्दल कधीच म्हणणं नव्हतं. कैद्यांना वेळेवर चपात्या, ठरलेल्या दिवशी मटण, चहाला साखर, खेळायला व्हॉलीबॉल. पाकिस्तानातल्या झेलमकडचा एक कैदी हवालदार तर रोज तारेपाशी येऊन तक्रार करायचा. "जवान, आज दाल में पानी बहुत था."

आबारावानं घरी पत्र लिहिलं. नवी गोष्ट सांगावी म्हणून त्यात हेही लिहिलं, की इथं शत्रूलासुद्धा मटण मिळतं, आपलं सरकार लई मोठ्या मनाचं आहे.

ते बहात्तर साल होतं. पावसानं पाठ फिरवलेली. हिरवं म्हणावं असं कुसळ उरलं नव्हतं. गुरं चाऱ्यावाचून गेली, माणसं दुष्काळी कामावर गेली. बनाबाईचं उत्तर शाळेतल्या गुरुजींनी लिहून पाठवलं. गुरुजी सज्जन माणूस. ती जे बोलली ते त्यांनी एक शब्द न गाळता उतरवलं होतं:

"तुमचं पत्र पोचलं. मी पाझर तलावावर खडी फोडते. तुमची आई बी फोडते. रेशनवर मिलो म्हणून परदेशी लाल ज्वारी मिळते, भाकर थापली की फुटते, खाल्ली की पोट फुटतं. तुमचा बाप उपाशी नाही पण धाला बी नाही. तुमी कैद्याला मटण घालता हे वाचून लई बरं वाटलं. एक काम करा. तुमच्या सायबाला सांगा, एकदा आमच्या गावावर चाल करून या. आमी काही लढत नाही. हात वर करून उभं राहतो. आमाला बी कैदी करून घेऊन जा."

आबारावानं ते पत्र पहाऱ्यावर वाचलं. पहिल्यांदा हसला. मग पुन्हा वाचलं. तेवढ्यात तारेपलीकडून हवालदारानं हाक मारली. रोटी जाड झाली होती म्हणे. आबाराव त्याच्याकडं बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की बंदूक उचलावी, आणि तेही लढाई संपून वर्ष होत आल्यावर. त्यानं उचलली नाही. पत्र घडी करून टोपीत ठेवलं आणि म्हणाला, "मेरी बीवी पत्थर तोड रही है, हवालदार. तुम रोटी खाओ."

 हवालदार हळूच म्हणाला, "मेरी का तो पता ही नहीं, ज़िंदा है कि नहीं." त्या दिवसानंतर त्यानं डाळीची तक्रार केली नाही. आबाराव म्हणतो, त्या दोन वर्षांत शहाणपणाचं बोलणारा मला तोच एक भेटला, आणि तोही शत्रू.

रजा मिळाली ती त्र्याहत्तरच्या चैत्रात. सोलापूरला उतरून तो घरी जाण्याआधी मुरुमला गेला. कल्याणप्पाच्या घरी त्याची आई मल्लम्मा एकटी होती. भिंतीवर सरकारचं पत्र काचेत बसवून लावलेलं. आबाराव उंबऱ्याबाहेरच थांबला. तिनं मोडक्या मराठीत विचारलं, कोण? त्यानं सांगितलं, तुमच्या कल्याणप्पाच्या जोडीचा. मल्लम्मानं त्याचा हात धरून त्याला आत ओढलं, थेट चुलीपर्यंत. त्याची जात तिनं विचारली नाही, आणि सांगायला त्यानं तोंड उघडलं तर तिनं त्यात भाकरीचा घास घातला.

मग ती म्हणाली, "एकदम गेला म्हणून साहेबानं लिव्हलंय. खरं का?"

आबाराव खोटं बोलायचं ठरवून आला होता. जमलं नाही. त्यानं पाठ केलेले दोन शब्द तिला म्हणून दाखवले. "असं म्हणत होता, अव्वा. 'बागला तगी, बागला तगी.' मला अर्थ लागला न्हाय."

मल्लम्मा भिंतीला टेकून खाली बसली. तिनं सांगितलं, "दार उघड. दार उघड, म्हणत होता."

 सगळ्या जगाची टर उडवणारा हा माणूस मुरुमचं नाव निघालं की उठून शेळीला पाणी दाखवायला जातो.

मुरुमहून तो गावी आला, आणि पुन्हा सगळं हास्यास्पद झालं. वेशीत लेझीम उभी. धोंडीबानं स्वतः हार घातला. "आपल्या गावचा वाघ!" पोरं घोषणा देत होती. वाघाला विचारायचं होतं, माझी बायको कुठं आहे. पण लेझमीच्या दणक्यात कुणाला ऐकू येईना. कुणीतरी शेवटी सांगितलं, विहिरीवर.

गावविहीर कोरडी होती. सरकारी टँकर येऊन त्यात पाणी ओतून जायचा. गावातल्या बाया रहाटानं शेंदायच्या आणि बुद्धवाड्यातल्या बाया दहा हातांवर घागरी मांडून बसायच्या, कुणाला दया येऊन वरून ओतेपर्यंत. बनाबाई त्या रांगेत होती. आबारावानं तिला ओळखलं नाही. दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेली बाई भरलेली होती. ही काटकुळी, केसात खडीची धूळ, बोटांना चिंध्या बांधलेली. तिनंच त्याला ओळखलं. गळ्यातला हार बघून म्हणाली, "आलं का लगीन करून?"

"कवापासून बसलीस?"

"सकाळपास्नं. आज कुणाला दया यीना झालीय. समदं गाव तुमची मिरवणूक बघाया गेलंय."

आबारावानं तिची घागर उचलली आणि सरळ विहिरीवर गेला. अंगात वर्दी, गळ्यात मालकाचाच हार. बाया बाजूला सरल्या. त्यानं पोहरा सोडला, शेंदला, घागर भरली. मग दुसऱ्या बाईची भरली. मग तिसरीची. तोवर धोंडीबा मागून आला.

"आरं, आरं, हे काय चालवलंस?"

"पाणी शेंदतोय, मालक."

"गावाचा रिवाज हाय काही…"

"तुमच्या गावच्या वाघानं शेंदलंय. वाघाला कसला आलाय इटाळ?"

 स्वतः घातलेला हार धोंडीबाला काढून घेता येत नव्हता. त्यानं मग दुसरा उपाय केला: विहीर बाटली म्हणून सांगितलं, आणि गावातल्या बायांनी पाणी भरणं थांबवलं. एक दिवस थांबल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मालकाचीच सून डोक्यावर पदर ओढून, खाली मान घालून घागर घेऊन आली. तिच्यामागं बाकीच्या. चैत्राच्या उन्हात रिवाज दीड दिवस टिकला. बनाबाई म्हणते, "लोक म्हनत्यात दुष्काळानं समदं नेलं. समदं न्हाय नेलं. जे न्यायला पायजे हुतं त्यातलं थोडं बी नेलं."

आबाराव आणखी नऊ-दहा वर्षं नोकरीत राहिला, नाईक म्हणून निवृत्त झाला, मग एका साखर कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी झाला. मुलगा नागसेन शिकून शिक्षक झाला. धोंडीबा म्हातारा होऊन गेला. त्याच्या तेराव्याला आबाराव गेला होता, जेवलाही. शत्रूचं जेवण त्याला नवं नव्हतं.

त्या लढाईचा सुवर्णमहोत्सव गावात साजरा झाला तो तीन वर्षं उशिरा. खऱ्या साली करोना होता म्हणे. करोना एकच साल अडवत होता. बाकीची दोन सालं निवडणुकीची चाहूल नव्हती म्हणून गेली. आता जिल्हा परिषदेचं वारं सुटलं होतं आणि धोंडीबाचा नातू रणधीर याला उभं राहायचं होतं. रणधीर पांढरे कपडे, काळा चष्मा आणि मागंपुढं दोन मोटारसायकली घेऊन आबारावाच्या दारात आला, वाकून पाया पडला.

"आबा, तुमचा सत्कार करायचाय. शाळेत. भाषण करायचं. किती मारले ते सांगायचं."

"मोजले न्हाईत."

"अंदाजे?"

"अंदाजे म्या फकस्त चाललो."

रणधीर समजूतदारपणे हसला, म्हातारा विनयशील आहे असं समजून. कार्यक्रमाच्या दिवशी शाळेपुढं मांडव, आबारावाच्या फोटोपेक्षा रणधीरचा फोटो चौपट मोठा. फोटोतल्या आबारावाच्या पाठीमागं कुणीतरी रणगाडा चिकटवलेला. तसा रणगाडा त्यानं जन्मात पाहिला नव्हता. रणधीरनं माईकवर सांगितलं, "आमच्या आबांनी शत्रूच्या मुलखात घुसून पंधरा जणांना कंठस्नान घातलं! आणि त्यांना घडवलं ते माझ्या आजोबांनी!" टाळ्या पडल्या.

आबाराव उठला. माईकवर दोनदा खाकरला.

"पंधरा न्हाईत," तो म्हणाला. "धुक्यात गोळ्या झाडल्या. कुणाला लागल्या, कुणाला न्हाय, मला ठावं न्हाय. लागल्या असतील तर त्यांच्या आया रडल्या असतील. त्यात टाळ्या वाजवायसारखं काय हाय?"

मांडवात चुळबूळ झाली.

"लढाई तिकडं तेरा दिवस झाली. हितं बी झाली. जिथं तुमी बसलाव तिथं खंदक व्हता. माझ्या बापानं खणला. मालकानं त्यात शेण भरलं. शत्रू आला असता तर पोरांनी शेणात उड्या घ्यायच्या व्हत्या." पोरं खो खो हसली. मास्तरांनी डोळे वटारले. "म्या शत्रूच्या माणसाला चपाती दिली, मटण दिलं. त्याच वक्ताला माझी बायकू हितं दहा हातावर घागर मांडून बसली व्हती. शत्रू कोन आन् आपला कोन, ते तुमी मला सांगा. म्या शात्तर वर्साचा झालो, मला अजून…"

इथं माईक बंद पडला. रणधीर लगबगीनं पुढं आला, आबांची तब्येत बरी नाही म्हणाला, आणि कुणीतरी देशभक्तीचं गाणं मोठ्यानं लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रणधीर पुन्हा आला. आज मोटारसायकली नव्हत्या. आबारावाची नात श्रावस्ती, धाराशिवला नर्सिंगला असते ती, सुट्टीला आली होती. तिनं खुर्ची दिली. बनाबाईनं चहा ठेवला. रणधीरनं तो दोन घोटांत संपवला. निवडणूक जवळ आली की गावातल्या कुठल्याही घरचा चहा गोड लागतो.

"आबा, माझ्या आज्याची इज्जत घालवली तुमी."

"तुझा आजा वाईट न्हवता, रणधीर. त्याला लढाईत भाग घ्यायचा व्हता, एवढंच. फकस्त कुठं भाग घ्यायचा ते त्याला कळलं न्हाय. हिरीवर घेतला असता तर म्या त्याचा फोटू घरात लावला असता."

रणधीरनं रिकामा कप खाली ठेवला. मग त्यानं मुद्द्याचं काढलं. "सव्वीस जानेवारीला पुन्हा बोलावतो तुमाला. पण एक विनंती हाय. झेंड्याला सलामी द्या, हार घ्या. बोलू नका."

आबाराव काही म्हणायच्या आत श्रावस्ती म्हणाली, "आबा गप्प बसतील. पण मग आजीला बोलू द्या. इथली लढाई तर तिनंच लढली. तिला आजपर्यंत कुणी विचारलं का?"

"व्हय," आबाराव म्हणाला. "हे खरं हाय. म्या सलाम करतो. ही बोलंल."

रणधीरनं बनाबाईकडं पाहिलं. ती चुलीपुढं बसून कप विसळत होती. तिनं मान वर केली नाही. रणधीर उठला. "बघतो, कमिटीला विचारतो," म्हणाला आणि चप्पल घालून निघून गेला.

सव्वीस जानेवारीला कुणी बोलवायला आलं नाही. झेंड्याला सलामी द्यायला तालुक्याहून एक पाहुणा आणला, ज्याचा लष्कराशी संबंध एवढाच की त्याचा मेहुणा फौजेत स्वयंपाकी होता. त्यानं तासभर भाषण केलं आणि त्यात शत्रूला सतरा वेळा धूळ चारली. लाऊडस्पीकर बुद्धवाड्यापर्यंत ऐकू येत होता.

बनाबाई त्या दिवशी पहाटे उठून न्हाली होती. ठेवणीतलं हिरवं इरकल नेसून, गुडघ्यांवर हात ठेवून ती सकाळपासून ओट्यावर बसली होती. अधूनमधून तिचे ओठ हलत होते, शब्द जुळवत असल्यासारखे. आबारावानं ते पाहिलं, आणि चेष्टा करायला त्याला एक शब्दही सापडला नाही. भाषण सुरू झाल्यावर ती बराच वेळ ऐकत राहिली. मग आत गेली, इरकल उतरवून घडी घातली, रोजचं लुगडं नेसली आणि खुरपं घेऊन हरभऱ्यात गेली. आबारावही तिच्यामागं गेला. त्या सकाळी दोघांनी मिळून चार सऱ्या खुरपल्या.